इटॅलिक टंक आणि मराठीचे तिरके अक्षर

प्रास्ताविक

महाविद्यालयीन संशोधनपत्रिकांच्या लेखकांसाठी असलेल्या सूचनांत एक वाक्य बहुधा असतेच : ग्रंथांची व नियतकालिकांची नावे इटॅलिकमध्ये द्यावीत. हे वाक्य इंग्रजी लेखनपद्धतीच्या नियमपुस्तकांतून आलेले आहे आणि इंग्रजी लेखांपुरते ते बिनतक्रार चालते. पत्रिका मात्र बहुविद्याशाखीय आणि बहुभाषिक असते. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातील महाविद्यालयांत मराठी विभागाचा लेख वाणिज्याच्या किंवा प्राणिशास्त्राच्या लेखाशेजारी छापला जातो. सूचनापत्र सर्वांना एकच असते. आणि मराठीचे प्राध्यापक संदर्भसूचीतील एकेक ग्रंथनाम निवडून संगणकावरील तिरक्या अक्षराची कळ दाबतात. अक्षरे उजवीकडे कलतात. नियम पाळला गेला, असे संपादकांना आणि लेखकांनाही वाटते.

वस्तुतः या कळीने इंग्रजी शब्दाचे जे होते ते मराठी शब्दाचे होत नाही. इंग्रजी शब्दाला त्याच घराण्यातील दुसरे, स्वतंत्रपणे रेखाटलेले अक्षर मिळते. मराठी शब्दाला बहुतेक वेळा दुसरे अक्षर मिळतच नाही. आहे तेच अक्षर यंत्र ढकलून कलते करते. हा भेद केवळ सौंदर्यदृष्टीचा नाही. तो लिपीच्या घडणीत, लेखणीच्या कापात आणि मराठी मुद्रणाच्या इतिहासात रुजलेला आहे. त्याचा उलगडा करण्यासाठी प्रस्तुत लेखात आधी इटॅलिक टंकाचे रूप व उपयोग पाहिले आहेत आणि मग तेच परिमाण देवनागरीला लावून पाहिले आहे. उदाहरणे याच परिसरातील तीन स्थानकनामांची घेतली आहेत : ठाणे, कल्याण आणि डोंबिवली. फलाटावरच्या पिवळ्या पाटीवर ही अक्षरे रोज उभी दिसतात; त्यामुळे त्यांचे कलते रूप मनात ताडून पाहणे वाचकाला अवघड जाऊ नये.

इटॅलिकचे रूप

रोमन लिपीच्या पारंपरिक पुस्तकी टंकात अक्षरदंडाच्या टोकाशी बारीक आडवी पायरी असते. तिला सेरिफ म्हणतात. टाइम्स न्यू रोमन, गारामाँ, बास्करव्हिल हे सर्व सेरिफ टंक. यांतील उभ्या अक्षराला मुद्रणाच्या परिभाषेत ‘रोमन’ आणि त्याच्या जोडीच्या कलत्या अक्षराला ‘इटॅलिक’ म्हणतात. कल हे इटॅलिकचे सर्वांत ठळक लक्षण असले, तरी ते एकमेव नव्हे, आणि जाणकारांच्या मते सर्वांत महत्त्वाचेही नव्हे. इंग्रजीचे लहान ‘ए’ अक्षर रोमनमध्ये दुमजली असते, वर एक वळण व खाली पोट. इटॅलिकमध्ये ते एकमजली होते, हाताने लिहितात तसे. लहान ‘एफ’ रोमनमध्ये ओळीवर उभे असते. अनेक अभिजात इटॅलिकांत त्याची शेपटी ओळीखाली उतरते. दंडाच्या तळाशी असलेली दोन्ही बाजूंची सपाट पायरी नाहीशी होऊन तिच्या जागी अक्षरात शिरताना व अक्षरातून बाहेर पडतानाचे छोटे फटकारे येतात. अक्षरे अरुंद होतात, एकमेकांच्या जवळ येतात, आणि पानावरचा त्यांचा काळेपणा रोमनपेक्षा थोडा फिका असतो. कल काही टंकांत पाच-सहा अंशांचा, तर काहींत पंधरा अंशांच्या आसपास असतो. कल अगदी थोडा ठेवला तरी वरील लक्षणांमुळे इटॅलिक लगेच ओळखू येते.

या रूपाचे मूळ हस्तलेखनात आहे. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्लॉरेन्सच्या निकोलो निकोली यांच्यासारख्या विद्वानांनी प्राचीन ग्रंथांच्या नकला उतरताना एक जलद, किंचित कलते वळण रूढ केले. पुढे पोपच्या कचेरीतील लेखनिकांनी ते दप्तराचे वळण म्हणून स्वीकारले. इटलीत त्याला कचेरीचे वळण अशाच अर्थाचे नाव होते. व्हेनिसचा मुद्रक आल्दुस मानुत्सिउस याने फ्रांचेस्को ग्रिफो या कारागिराकडून त्या वळणाचे ठसे कापून घेतले आणि १५०१ मध्ये व्हर्जिलच्या काव्याची लहान आकाराची आवृत्ती संपूर्णपणे त्या टंकात छापली. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आल्दुसच्या लेखी इटॅलिक हा जोडीचा टंक नव्हता. संपूर्ण पुस्तक त्यातच होते आणि मोठी अक्षरे तर उभीच होती. लोडोविको आरिगी या कचेरीच्या लेखनिकाने १५२२ मध्ये याच वळणाचा कित्ता छापून प्रसिद्ध केला. रोमन हा मुख्य आणि इटॅलिक हा त्याचा साथीदार, ही व्यवस्था सोळाव्या शतकात प्रामुख्याने फ्रान्समध्ये स्थिरावली. क्लोद गारामाँचे रोमन आणि रोबेर ग्राँजाँचे इटॅलिक अशी जोडी आजही अनेक टंकांच्या पाठीमागे आहे.

नुसता रोमन कलवून काम भागणार नाही काय, हा प्रश्न युरोपातही विचारला गेला होता. इंग्लंडमधील टंकअभ्यासक स्टॅन्ली मॉरिसन याने १९२६ मध्ये, आदर्श इटॅलिक म्हणजे कलवलेला रोमनच असावा, असे प्रतिपादन केले. नेदरलँड्सच्या यान व्हान क्रिम्पेनने आपल्या रोम्युलस टंकात तो प्रयोग करून पाहिला. वाचकांनी आणि मुद्रकांनी तो फारसा स्वीकारला नाही. आणि मॉरिसनच्याच देखरेखीखाली ‘द टाइम्स’ या दैनिकासाठी १९३२ मध्ये सिद्ध झालेल्या टाइम्स न्यू रोमनचे इटॅलिक कलवलेला रोमन नाही, स्वतंत्र रेखाटन आहे. सिद्धान्त आणि व्यवहार यांतील हे अंतर बोलके आहे.

उपयोग

इंग्रजी मजकुरात इटॅलिकवर अनेक कामे सोपवलेली आहेत. ग्रंथनामे, नियतकालिकांची नावे, जहाजांची नावे, परभाषेतील शब्द, न्यायालयीन खटल्यांची नावे, आणि बोलताना ज्या शब्दावर जोर पडतो तो शब्द. विज्ञानात त्याला याहून काटेकोर अर्थ आहे. प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेची शिफारस अशी की प्रजाती व जातीची नावे भोवतालच्या मजकुराहून वेगळ्या टंकात असावीत. व्यवहारात तो टंक इटॅलिक असतो. भौतिकशास्त्रात ‘एम’ हे अक्षर उभे असेल तर मीटर आणि तिरके असेल तर वस्तुमान. म्हणजे तिथे कल हा अलंकार राहत नाही. तो अर्थ वाहतो.

ही सर्व कामे मराठीला आहेत काय, हे तपासून पाहण्याजोगे आहे. बोलण्यातील जोर हे पहिले उदाहरण. ‘तो आला’ या इंग्रजी वाक्यात जोर कर्त्यावर आहे की क्रियेवर, हे दाखवायला छापील पानावर इटॅलिकखेरीज फारसे साधन नाही. मराठीत ‘तोच आला’, ‘तो आलाच’, ‘तो तर आला’, ‘आला तो’ असे पर्याय भाषेच्या पोटातच आहेत. ‘च’ हे एक अव्यय पानोपानी इटॅलिकचे काम करते. परकीय शब्दांचे तसेच. मराठीत आलेला इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिला की तो मराठी ओळीत सामावतो. आणि रोमन लिपीतच ठेवला तर लिपीचा भेदच त्याला पुरेसा वेगळा करतो. उरतात ती ग्रंथनामे. त्यांच्यासाठी एकेरी अवतरणचिन्हांची प्रथा मराठी ग्रंथांत आणि वृत्तपत्रांत रुळलेली आहे.

मग तिरके अक्षर मराठी लेखनात शिरले कसे? त्याचा एक मार्ग टंकलेखन यंत्रातून जातो. यंत्रावर अक्षराचा एकच आकार आणि एकच वजन असे, इटॅलिक नसे. इंग्रजी प्रबंध टंकलिखित करताना शब्दाखाली रेघ ओढत, आणि छापखान्यात ती रेघ म्हणजे ‘हा शब्द इटॅलिकमध्ये जुळवा’ अशी जुळाऱ्याला सूचना असे. मराठी प्रबंधांनी रेघ उचलली, तिचा अर्थ मात्र बरोबर आला नाही. मराठीत ती रेघ उकारांना आणि ऋकारांना छेदून जाई, हा भाग वेगळा. पुढे श्री-लिपी, आयएसएम यांसारख्या प्रणालींवर डीटीपी सुरू झाले, रेघ गेली आणि तिच्या जागी कल आला. मूळ कोणत्याही मराठी गरजेतून ही मालिका निघालेली नाही.

बाळबोध आणि मोडी

मराठीला जलद हस्ताक्षराची गरज नव्हती असे नाही. उलट, ती गरज इतकी मोठी होती की तिच्यासाठी वेगळी लिपीच वापरात होती. बाळबोध म्हणजे देवनागरी ही पोथीची, अध्ययनाची लिपी. मोडी ही दप्तराची, हिशेबाची, पत्रव्यवहाराची. मोडीत आधी संपूर्ण ओळीची शिरोरेषा ओढून घेत आणि मग तिला लागून अक्षरे लिहीत, शक्यतो लेखणी न उचलता. अक्षरे गोलावली, परस्परांत मिसळली, ऱ्हस्वदीर्घाचा भेद बाजूला पडला. पेशवाईतील एका वळणाला चिटणिशी असेच नाव आहे. रोममध्ये पोपच्या कचेरीचे वळण आणि महाराष्ट्रात चिटणिसांचे वळण : दोन्हीकडे इतिहास एकाच ठिकाणापर्यंत येतो. पुढची वाट मात्र वेगळी झाली.

मोडीचे ठसे कापलेच गेले नाहीत, असे कोणी समजू नये. विल्यम कॅरे याचा मराठी कोश १८१० मध्ये श्रीरामपूर येथे छापला गेला तेव्हा त्यातील मराठी शब्द मोडी टंकात होते. मुंबईत शिळाछापाच्या काळात मोडी पुस्तकेही निघाली. शिळेवर लिहून छापायचे असल्यामुळे जोडून लिहिलेली लिपी तिथे अडचणीची नव्हती. परंतु खिळ्यांच्या मुद्रणाचा पाया बाळबोधावर रचला गेला. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग काढले आणि पुढे देवनागरी खिळे तयार केले. अमेरिकन मिशन छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांनी १८३० च्या दशकात देवनागरीचे सुबक खिळे घडवले. त्याच छापखान्यात उमेदवारी केलेल्या जावजी दादाजींनी १८६४ मध्ये स्वतःची ओतशाळा व १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला, आणि राणोजी रावजी आरू यांच्या कौशल्याने घडलेला त्यांचा खिळा मराठी व संस्कृत ग्रंथांचा जणू चेहराच ठरला. शाळेतील छापील पुस्तक बाळबोध आणि कचेरीतील हस्तलेखन मोडी, अशी वाटणी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकली. एका ओळीत बाळबोध मजकूर व मधला एखादा शब्द मोडी, असा रोमन-इटॅलिकसारखा संसार या दोन लिपींनी कधी मांडला नाही. याचे कारणही उघड आहे. इटॅलिक न शिकताही रोमन वाचणाऱ्याला ते वाचता येते. मोडी न शिकता बाळबोध वाचणाऱ्याला मोडी वाचता येत नाही. (गुजरातीने तिसराच मार्ग धरला. तिथे शिरोरेषा टाकून दिलेली व्यापारी लिपीच छापखान्यात गेली आणि १८२२ पासून ‘मुंबई समाचार’ तीतच निघत आहे. जलद लिपीच मुख्य लिपी झाली.)

ठाणे आणि कल्याण ही शहरे या घडामोडींपासून दूर नव्हती. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ मधले, म्हणजे जावजींच्या ओतशाळेचे समवयस्क. ठाण्यात ‘अरुणोदय’ हे साप्ताहिक १८६६ मध्ये सुरू झाले आणि मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये. शिळाछापापासून युनिकोडपर्यंतचा मराठी अक्षराचा बराचसा प्रवास या ग्रंथालयांच्या हयातीत घडला. त्या प्रवासात पुस्तकाच्या मजकुरासाठी तिरका देवनागरी खिळा रूढ झाला नाही. वेगळेपणा दाखवण्याची साधने दुसरी होती. पोथीत शीर्षक, श्लोकांक व ‘उवाच’ तांबड्या शाईने लिहीत. निर्णयसागरच्या सटीक काव्यग्रंथांत मूळ मोठ्या खिळ्यात व टीका लहान खिळ्यात असे. वर्तमानपत्रांनी ठळक खिळा आणला. रंग, आकार आणि वजन : भेद दाखवण्याची ही तीन अंगे परंपरेने पुरेशी मानली.

दोन लेखण्या

कलत्या देवनागरीला परंपरा नाही, एवढ्यावरून ती त्याज्य ठरत नाही. मराठीने विरामचिन्हे इंग्रजीतूनच घेतली आणि ती पचवली. म्हणून परंपरा बाजूला ठेवून केवळ आकाराचा विचार करणे न्याय्य ठरेल.

फाँटमध्ये स्वतंत्र इटॅलिक नसेल तेव्हा संगणक काय करतो? अक्षराचा पाया जागेवर ठेवून त्यावरचा प्रत्येक बिंदू त्याच्या उंचीच्या प्रमाणात उजवीकडे सरकवतो. गणितात याला अपरूपण म्हणतात. कल बारा अंशांचा धरला तर दहा मिलिमीटर उंचीवरचा बिंदू सुमारे २.१ मिलिमीटर सरकतो. आडव्या रेषा आडव्याच राहतात. म्हणून शिरोरेषा जिथल्या तिथे दिसते, आणि तिच्याखालची अक्षरे मात्र वाऱ्याने एका बाजूला उडालेल्या दोरीवरच्या कपड्यांसारखी होतात. रोमन अक्षर ओळीवर पाय रोवून उभे असते. ते चालताना पुढे झुकावे तसे झुकते. देवनागरी अक्षर शिरोरेषेला टांगलेले असते, त्याचे पाय मागे ओढले जातात.

आता ‘ठाणे’ मधला ‘ठ’ पाहावा. त्याचे पोट म्हणजे जवळजवळ वर्तुळ. बारा अंशांच्या अपरूपणात वर्तुळाचे लंबवर्तुळ होते. उजवीकडे वर चढणाऱ्या तिरप्या दिशेत ते सुमारे ११ टक्क्यांनी लांबते आणि तिच्या काटकोनातील दिशेत सुमारे १० टक्क्यांनी आखडते. आकाराबरोबर रेषेची जाडीही बदलते, आणि खरी गोम तिथे आहे.

रोमन लिपीची रुंद टोकाची लेखणी आणि आपला बोरू यांचे काप परस्परविरुद्ध आहेत. रोमन लेखणीने काढलेल्या वर्तुळात डावीकडून उजवीकडे खाली उतरणारा भाग जाड येतो आणि उजवीकडे वर चढणारा भाग बारीक. बोरूच्या अक्षरात नेमके उलट : वर चढणारा भाग जाड, उतरणारा बारीक. ‘ठ’च्या पोटाची डावी-वरची व उजवी-खालची कड भरीव असते ती यामुळे. छापील टंकांनीही हीच जाडी-बारकाई सांभाळली आहे. यांत्रिक कल लावला की चढत्या दिशेतल्या रेषा लांबून पातळ होतात व उतरत्या दिशेतल्या जाडावतात. म्हणजे रोमनमध्ये आधीच बारीक असलेले अधिक बारीक आणि जाड असलेले अधिक जाड होते. अक्षर वाकडे झाले तरी त्याचा ताठा टिकतो. देवनागरीत मात्र जाड ते पातळ होते आणि पातळ ते जाड. अक्षराचा चढउतार पुसट होतो. एकाच कळीने एका लिपीला धार येते आणि दुसरी बोथट होते.

उभ्या दंडाचा हिशेबही हेच सांगतो. लेखणीचे टोक ओळीशी ४५ अंशांत धरले आहे असे मानले, आणि खरोखर हातानेच बारा अंश कललेला दंड काढला, तर रोमन लेखणीचा दंड उभ्या दंडापेक्षा सुमारे २३ टक्के बारीक येतो. इटॅलिक पानावर फिके दिसते त्याचे मूळ येथे आहे. बोरूने तसाच दंड काढला तर तो सुमारे १९ टक्के जाड येईल. तात्पर्य, देवनागरीला खऱ्या अर्थाने लेखणीतून उतरलेला उजवा कल द्यायचा तर अक्षर उभ्यापेक्षा अधिक काळे व्हायला हवे. यंत्राने कलवलेला दंड मात्र किंचित पातळच होतो. हा बोरूचा कल नाही आणि इटॅलिकचाही नाही.

‘डोंबिवली’ हा शब्द या परीक्षेला फारच उपयुक्त. त्यात ऱ्हस्व वेलांटी आहे, दीर्घ वेलांटी आहे, आणि मात्रेशेजारी अनुस्वार आहे. ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांट्या या आरशातल्या प्रतिमांसारख्या आहेत : एकीचा दंड अक्षराच्या डावीकडे, दुसरीचा उजवीकडे, कमानी परस्परांकडे तोंड केलेल्या. वाचकाचा डोळा या सममितीच्या आधारे ऱ्हस्वदीर्घ ओळखतो. कल दिला की दोन्ही कमानी एकाच बाजूला झुकतात. ऱ्हस्व वेलांटी आपल्या दंडापासून पुढे फेकल्यासारखी दिसते, दीर्घ वेलांटी आपल्या दंडावर कोसळल्यासारखी. ‘डों’ वरची मात्रा मुळात डावीकडे वर झुकलेली. कल तिला उभे करू पाहतो, आणि कान्याचा पाय व त्यावरचा अनुस्वार यांतले आडवे अंतर वाढते. ‘कल्याण’ मध्ये ‘क’चा दंड मध्यभागी आणि दोन्ही बाजूंना त्याचे अवयव, कललेल्या दंडावर डावे पोट वर दबते आणि उजवी शेपटी गळून पडल्यासारखी होते. मोठ्या मथळ्यात हे खपून जाते. संदर्भसूचीत, नऊ-दहा पॉइंटांच्या अक्षरात, तेही प्रत काढलेल्या कागदावर, ते वाचकाच्या डोळ्यांना जाणवते.

शाळेतल्या कित्त्याची आठवण येथे अप्रस्तुत ठरणार नाही. अनेक पिढ्यांनी एकाच दप्तरात दोन वह्या नेल्या : इंग्रजीच्या चार रेघी वहीत कलते, जोडलेले अक्षर, आणि मराठीच्या वहीत सरळ, सुटे, शिरोरेषा देऊन पूर्ण केलेले. हाताला ठाऊक असलेला हा भेद संगणकाच्या कळीला ठाऊक नाही.

आजचे फाँट

विंडोजबरोबर दीर्घकाळ मिळालेल्या आणि रघुनाथ कृष्ण जोशी यांनी रेखाटलेल्या मंगल फाँटला इटॅलिक नाही. निर्मला यूआय यालाही नाही. या दोहोंत तिरके दिसणारे प्रत्येक मराठी अक्षर यंत्राने ढकललेले असते. मॉड्युलर इन्फोटेकचे कोकिळा, उत्साह आणि अपराजिता हे विंडोज ७ बरोबर आलेले फाँट मात्र स्वतंत्र इटॅलिकसह मिळतात. मूर्ती अभिजात ग्रंथमालेच्या निमित्ताने फिओना रॉस व जॉन हडसन यांनी केलेल्या कामातून पुढे आलेल्या टिरो देवनागरी मराठी या मुक्त फाँटमध्येही उभ्याबरोबर इटॅलिक आहे, आणि अक्षररूपे मराठी वाचकाच्या सवयीची आहेत. ही शेवटची बाब गौण नव्हे. महाराष्ट्र शासनाच्या २००९ मधील निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ प्रमाण मानले. तिरक्या अक्षराच्या हौसेपोटी फाँट बदलावा आणि ‘डोंबिवली’तला ‘ल’ हिंदी वळणाचा होऊन बसावा, हा सौदा आतबट्ट्याचा.

देवनागरीच्या खऱ्या साथीदार अक्षराचा शोध घ्यायचाच तर तो कलात नव्हे, वळणात घ्यावा लागेल. मोडीतील गोलाई, बोरूच्या जलद बाळबोधातील सुटसुटीत दंड, पत्रांतून दिसणारी शिरोरेषेची ढिलाई : यांतून उभ्या अक्षराहून वेगळा तरी न शिकता वाचता येणारा टंक घडू शकतो. मोडीच प्रत्यक्ष साथीदार म्हणून वापरण्याचा मार्ग आता तांत्रिकदृष्ट्याही निराळा झाला आहे. २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला स्वतंत्र लिपी म्हणून जागा मिळाली. जुन्या दप्तरांच्या वाचनासाठी हे इष्टच झाले. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात मोडी जाणणाऱ्यांची किती निकड भासली, हे सर्वज्ञात आहे. पण स्वतंत्र लिपी म्हणजे स्वतंत्र संकेतांक. बाळबोधात टंकलेला शब्द एका कळीने मोडीत जाणार नाही, आणि तसा जाऊही नये.

पत्रिकेच्या पानावर

संपादकमंडळापुढचा प्रश्न यापेक्षा पुष्कळच साधा आहे. कविता, पत्र, लेखाच्या आरंभी दिलेला सारांश अशा ठिकाणी सलग तिरका मजकूर देण्याची रीत मराठी नियतकालिकांत आढळते. स्वतंत्र इटॅलिक असलेला फाँट आणि थोडा मोठा आकार वापरला तर तिला हरकत घेण्याचे कारण नाही. लग्नपत्रिका आणि दुकानांच्या पाट्या यांचे शास्त्र निराळे. तिथे अक्षराने नटावे अशीच अपेक्षा असते. संशोधनलेखात मात्र मराठी ग्रंथनाम एकेरी अवतरणचिन्हांत आणि लेखाचे शीर्षक दुहेरी अवतरणचिन्हांत दिल्यास वाचकाला ग्रंथ कोणता व त्यातील लेख कोणता हे निःसंदिग्धपणे कळते. परिभाषेतील संज्ञा प्रथम येते तेथे ती ठळक करावी, पुढे साधी ठेवावी. अवतरणाच्या आतील एखाद्या शब्दावर लेखकाला स्वतःचा भर द्यायचा असेल, तर तोही ठळक अक्षरानेच दाखवून ‘ठळक अक्षरे लेखकाची’ अशी कंसात नोंद करावी. मूळ ग्रंथात तो शब्द आधीच ठळक असल्यास तसे नोंदवावे.

मराठी ओळीत रोमन लिपीत आलेली शास्त्रीय नावे आणि गणितातील चलाक्षरे इटॅलिकमध्येच राहिली पाहिजेत, कारण तेथे तो अर्थाचा भाग आहे. तीच नावे देवनागरीत लिप्यंतरित केली, उदाहरणार्थ आंब्याचे मँजिफेरा इंडिका, तर ती उभी ठेवावीत आणि प्रथम उल्लेखाच्या वेळी रोमन रूप शेजारी द्यावे. मिश्र संदर्भसूचीत इंग्रजी ग्रंथनामे इटॅलिकमध्ये आणि मराठी ग्रंथनामे अवतरणचिन्हांत दिल्याने सूची दुरंगी दिसते, असा आक्षेप घेतला जाईल. सूची दोन लिपींत असतेच. प्रत्येक लिपी आपापल्या रीतीने छापली तर ती दुरंगी दिसणारच. यासाठी सूचनापत्रातील त्या एका वाक्याच्या जागी दोन वाक्ये लिहावी लागतील, आणि मुद्रितशोधकाला संगणकावरील संपूर्ण सूची एकदम निवडून एकच कळ दाबण्याची सोय राहणार नाही.